शंभर तुकड्यांचा नकाशा

बुधवाऱ्याच्या बाजारात कौतिकभाऊंचं दुकान तसं वह्या-पेनांचं, पण लोक तिथे यायचे ते सुमनला विचारायला. लेकराला पझल घ्यायचंय, कोणतं घेऊ? या एकाच प्रश्नाचं उत्तर देत ती पंधरा वर्षं त्या काउंटरमागे उभी होती.

ती वय विचारायची नाही. "वय तर डब्यावर छापलेलंच आहे," म्हणायची. "बटणं स्वतः लावते का? चपला उलट्या घालते का? पडली तर कोणाला हाक मारते?" आई-बाप गोंधळून एकमेकांकडे बघायचे. मग ती लेकराला उचलून काउंटरवर बसवायची, चार तुकड्यांची गाय त्याच्यापुढे ठेवायची आणि गायीकडे न बघता लेकराच्या तोंडाकडे बघत राहायची. तुकडा बसला नाही की काही लेकरं तो फिरवून बघतात, काही मुठीनं ठोकतात, काही आईकडे वळतात. ठोकणाऱ्याला ती मोठे तुकडे द्यायची, आईकडे वळणाऱ्याला आधी अगदी सोपं, आणि फिरवणाऱ्याला डब्यावरच्या वयापेक्षा दोन पायऱ्या वरचं. महिन्याभरानं तीच माणसं पुढचं पझल न्यायला परत यायची.

हे ती कुठे शिकायला गेली नव्हती. रोहितनं तिला शिकवलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. पाच वर्षांचा झाल्यावर इंदूरला नेलं, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खुंटी लावलेली लाकडी पझलं द्या, रोज थोडं थोडं, आणि रागवायचं नाही. पाच फळांची एक पाटी बसवायला रोहितला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत सुमननं त्याच्या बोटांकडे जेवढं पाहिलं, तेवढं कोणी देवाच्या मूर्तीकडे पाहत नसेल. तिचा नवरा वामन पॉवरलूमवर कामाला होता. रोहित आठ वर्षांचा असताना तो भिवंडीला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. निघताना भांडणसुद्धा झालं नाही. "तूच सांभाळ, तुलाच त्याचं कळतं," एवढंच म्हणाला.

आता रोहित एकवीस वर्षांचा होता. चांगला उंच, खांदे वामनसारखे रुंद. सकाळी सुमन त्याची दाढी करून द्यायची, दुपारी चार वाजता तो मागच्या गल्लीतल्या घरातून चालत दुकानात यायचा आणि आतल्या बाजूला खोक्यांवर बसून राहायचा. तेवढी एक वाट त्याला येत होती.

फेब्रुवारीत शाळांच्या ॲडमिशनचे दिवस होते. एके दिवशी दुपारी दुकानापुढे मोठी पांढरी गाडी थांबली. शेजारच्या बहादरपूर गावच्या मालूबाई उतरल्या, मागून त्यांची सून प्रतिभा, आणि प्रतिभाच्या कडेवर साडेचार वर्षांची भूमिका. केळीचा मोठा व्यापार असलेलं घर. प्रतिभाचा नवरा रितेश पंधरा ऑगस्टला गावातल्या सगळ्या मुलांना दप्तरं वाटायचा आणि ती दप्तरं कौतिकभाऊंकडून जायची. म्हणून भाऊ स्वतः गल्ल्यावरून उठले.

"इंग्लिश शाळेत टेस्ट आहे हिची," प्रतिभा म्हणाली. "तिथं पझल करायला देतात म्हणे. मला तो भारताचा नकाशा द्या, शंभर तुकड्यांचा."

सुमननं भूमिकाला काउंटरवर बसवलं आणि तिच्यापुढे गाय ठेवली. पोरगी देखणी होती, काजळाचे मोठाले डोळे. तिनं तुकडा ना फिरवला, ना ठोकला, ना आईकडे वळून पाहिलं. चारही तुकडे नाकाशी नेऊन हुंगले आणि काउंटरच्या कडेला एकामागे एक रांगेत लावले. सुमननं तिला नावानं तीनदा हाक मारली. मग चुटकी वाजवली. भूमिका रांग सरळ करत राहिली.

अठरा वर्षांपूर्वी सुमनच्याच घरात, फरशीच्या रेघेवर, अशीच रांग लागायची.

मालूबाई बाहुल्या बघत होत्या. सुमन प्रतिभाला हळूच वह्यांच्या कपाटाकडे घेऊन गेली. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. नकाशा आत्ता नको. मी तुम्हाला एक लाकडी पाटी देते. आणि एकदा इंदूरला दाखवून आणा. लवकर नेलं तर पुष्कळ फरक पडतो. मी नेलं तेव्हा उशीर झाला होता."

प्रतिभाचा चेहरा असा झाला, की जणू तिला जे ऐकायचं नव्हतं तेच कोणीतरी तिच्या स्वतःच्या मनातून काढून तिच्या हातावर ठेवलं होतं. पण मालूबाईंनी ऐकलं.

"काय वो बाई, काय सांगून राहिली तू माझ्या सुनेले?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "इंदूर? कायले इंदूर? आमची पोरगी येडी हाय का?"

"काकू, मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हटलं तू! हिचं सोताचं पोरगं येडं, म्हणून हिले दुनियेचे पोरं येडे दिसता!"

चार वाजून गेले होते. रोहित खोक्यांवर बसला होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळून नव्हे, पण मोठा आवाज ऐकून तो उभा राहिला आणि कानांवर हात ठेवून डोलायला लागला. मालूबाईंनी त्याच्याकडे बोट केलं.

"हाच ना तो? आण त्याले इकडे. बसव दोघायले जोडीनं. सगळे पाहू द्या, कोण येडं हाय."

दारात माणसं जमली होती. कौतिकभाऊंनी हात जोडत हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "अरे छोडो ना काकू, मजाक-मजाकमध्ये होऊन जाऊ दे. दोन मिनटाचं काम. रोहित, आ जा बेटा, इकडे ये."

सुमन म्हणाली, "भाऊ, नको." भाऊंनी ऐकलं नाही. बारा तुकड्यांच्या हत्तीचे दोन डबे त्यांनी स्वतः फोडले. एकवीस वर्षांचा रोहित आणि साडेचार वर्षांची भूमिका यांच्यापुढे ते मांडले.

रोहितनं तो हत्ती हजारदा केला असेल. त्यानं मान तिरकी केली आणि बघता बघता बाराही तुकडे लावून मोकळा झाला. भूमिकानं आपले बारा तुकडे हुंगले आणि रांगेत लावले. दारातलं कोणीतरी मोठ्यानं हसलं. "जिंकला रे रोहित!" दुसरा ओरडला आणि टाळ्या पडल्या. रोहितला टाळ्या आवडायच्या. तोही टाळ्या वाजवत उड्या मारायला लागला.

मालूबाईंनी भूमिकाच्या कानाखाली मारली. पोरगी रडली नाही. सांडलेला एक तुकडा उचलून तिनं पुन्हा रांगेत ठेवला, आणि आजीनं दुसरी मारली.

त्या वेळी सुमनला आनंद झाला होता. अगदी क्षणभर, पण झाला होता. आपला पोरगा कुणापेक्षा तरी पुढे निघाला, तेही चार माणसांसमोर. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की तसं काही वाटलं नव्हतं. पण वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिकभाऊंनी शटर अर्धंच वर केलं. "ताई, काही दिवस घरी आराम करा," ते म्हणाले. "रितेशचा फोन आला होता. टेन्शन नका घेऊ, मी बोलावतो." त्यांनी बोलावलं नाही. सुमन घरी बसून शेजारच्या शिंपिणीच्या ब्लाउजांना हुक लावायला लागली. रोहितला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. रोज चारला तो चपला घालून दाराशी उभा राहायचा. दार उघडलं नाही तर दारावर कपाळ आपटायचा. हे जवळजवळ दोन महिने चाललं, आणि त्याच्या कपाळावर गव्हाच्या दाण्याएवढा घट्टा पडला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सुमनच्या दारापुढे ऑटो थांबली. डोक्यावरून पदर ओढून प्रतिभा उतरली. बरोबर भूमिका होती.

"ताई, घरी सांगितलंय डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून," आत येताच ती म्हणाली. "शाळेनं घेतलं नाही हिला. टेस्टमध्ये बसलीच नाही. सासूबाई म्हणतात माझ्या लाडानं हट्टी झाली. त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होत्या, ते मला नीट सांगा. तुम्ही म्हणाल तर मी नेते इंदूरला. चोरून नेते. काहीही करते."

सुमननं तिला पाणी दिलं. मनात सगळं तयार होतं. डॉक्टरीणबाईंचं नाव, दवाखाना कुठे, सुरुवात कोणत्या पाटीपासून करायची, दिवसाला किती वेळ, रागवायचं का नाही. ज्या घरामुळे तिचं दुकानातलं काम सुटलं त्या घरची सून तिच्याच फरशीवर बसून डोळे पुसत होती, तरीही सुमन सांगणार होती. ते लेकरू समोर होतं आणि वेळ अजून गेलेली नव्हती.

रोहित आतून आला. भूमिका भिंतीशी बसून हुकांच्या पुड्या रांगेत लावत होती. तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानंही एक पुडी उचलून रांगेच्या टोकाला ठेवली. भूमिकानं ती चालवून घेतली. मग त्यानं तिचा हात आपल्या मोठ्या हातात घेतला. त्याच्या तोंडातून लाळेचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला.

प्रतिभा झटक्यात उठली. तिनं पोरीचा हात ओढून घेतला आणि पदरानं घासून घासून पुसला. एकदा, दोनदा, तीनदा. "ताई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "पण ही... ही अशी तर होणार नाही ना?"

सुमननं तिच्या पदराकडे पाहिलं. मग ती बोलली, आणि बोलताना तिचा आवाज काउंटरमागच्या आवाजासारखा गोड निघाला.

"छे, वहिनी. काहीतरीच काय! त्या दिवशी माझंच चुकलं. आपलं दुःख माणसाला सगळीकडे दिसतं. तुमची पोरगी हुशार आहे. हट्टी आहे फक्त."

"खरंच?"

"डोळे बघा ना तिचे. अशा मुलांना सोपं द्यायचंच नसतं, कंटाळतात. तुम्ही मागत होतात तोच नकाशा घ्या. रोज दोन तास बसवा. पूर्ण झाल्याशिवाय उठू द्यायचं नाही. रडली तरी नाही. इंदूर-बिंदूरच्या नादी लागू नका, ते लोक उगाच घाबरवतात."

प्रतिभानं वाकून तिच्या पायाला हात लावला. सुमननं लावू दिला.

पुढची दोन वर्षं बहादरपूरची खबर तिला मंगलाकडून कळत राहिली. शिंपिणीकडे कामाला असलेली मंगला ब्लाउज द्यायला-घ्यायला यायची, तिचं माहेर मालूबाईंच्या घरासमोर होतं. ती सहज सांगून जायची. "ती पोरगी ना, ओट्यावर बसवतात तिला रोज. म्हातारी पट्टी घेऊन बसते समोर." कधी म्हणायची, "आता बोलतच नाही ती. आधी दोन-चार शब्द तरी म्हणायची." एकदा म्हणाली, "सोताचं मनगट चावते वो. पार काळं पडलं." आणि दर वेळी शेवटी, "प्रतिभाभाभी तर सगळ्यांना तुमचंच नाव सांगते. बुधवाऱ्याच्या सुमनताईंनी सांगितलं, पोरगी हुशार आहे म्हणून."

सुमन ऐकून घ्यायची आणि सुईत दोरा ओवायची. जाऊन सांगावं असं तिला पहिल्या महिन्यातच वाटलं होतं. मग वाटलं, होळीनंतर जाऊ. मग वाटलं, आता काय उपयोग. मधूनच तो पदर तिला आठवायचा, आणि मग आठ-पंधरा दिवस काहीच वाटायचं नाही.

मनगटाचं ऐकल्यावर मात्र तिला राहवलं नाही. रोहितला शिंपिणीकडे बसवून ती बहादरपूरच्या ऑटोत चढली.

ओट्यावर भूमिका होती. सात वर्षांची, वाळलेली, केस बारीक कापलेले. तिच्यासमोर भारताचा नकाशा होता आणि मालूबाई खुर्चीत. "ये वो सुमन, ये!" म्हातारी प्रेमानं म्हणाली. सुमनला वाटलं होतं की हाकलून देतील. "तू म्हटलं तेच खरं निघालं. पाह्य, पाह्य आता."

मालूबाईंनी नकाशा विस्कटला. भूमिकाचे हात चालायला लागले. ती चित्राकडे बघत नव्हती, तुकड्यांकडेही नव्हती. तिची नजर रस्त्यापलीकडे कुठेतरी होती, आणि बोटं एकेक तुकडा जागच्या जागी बसवत होती, काश्मीर, गुजरात, आसाम. शेवटचा तुकडा बसवला तसे तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दडवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. हातांवर पट्टी पडेल म्हणून.

"शंभरच्या शंभर," मालूबाई म्हणाल्या. "आन तू इंदूर सांगत होती."

प्रतिभा स्वयंपाकघरात होती. मांडीवर पाच महिन्यांचं बाळ, समोर चहाचं आधण. सुमननं आत जाऊन दार लोटून घेतलं.

"वहिनी, मी खोटं बोलले होते," तिनं सांगून टाकलं. "त्या दिवशी. मला राग आला होता, म्हणून. पोरीला तेव्हाच न्यायला हवं होतं. अजूनही न्या. मी येते बरोबर. मी पाया पडते तुमच्या."

प्रतिभानं साखर टाकली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

सुमनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बोलत होत्या आणि तुमचे डोळे माझ्या पदरावर होते." ती शांतपणे चहा ढवळत होती. "पण मला एक माणूस हवं होतं ना ताई, पोरगी चांगली आहे म्हणणारं. सासूबाईंनी यांच्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. हिच्या पोटी अशीच निपजतील म्हणून मला माहेरी पाठवणार होते. मी घरी येऊन सांगितलं, ज्या बाईनं पोरीला नाव ठेवलं तिनंच शब्द मागे घेतला. ते बोलणं थांबलं. मग वर्षभरात याचे दिवस गेले." तिनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "ललित नाव ठेवलंय. आता मला कोणी काढत नाही."

"आणि भूमिका?"

"तिचं काय आता," प्रतिभा म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. "इंदूरला नेते म्हटलं तर विचारतील, तुला कधीपासून माहीत होतं. काय सांगू? तुम्हीही काही बोलू नका. तिकडे सासूबाई खुश आहेत. चहा घ्या."

सुमननं कप घेतला. तो न पिता तिनं खाली ठेवला. आपण सगळं बिघडवलं, असं धरून ती इथवर आली होती. इथे पोचल्यावर कळलं, की तिच्या पापाचासुद्धा कुणीतरी उपयोग करून घेतला होता, आणि ते कबूल करून हलकं होण्याचीही सोय उरली नव्हती.

ती उठायला लागली तेव्हा प्रतिभानं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"याला बघा ना एकदा," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "तुम्हाला कळतं. कोणाला म्हणून विचारू मी? याला बघा."

सुमननं बाळाला उचलून समोर धरलं. तिनं जीभ टाळूला लावून टकटक केलं. बाळानं मान वळवली. तिनं बोट उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, त्याचे डोळे बोटामागे फिरले. मग ते बोटापाशी थांबायचं सोडून तिच्या तोंडाकडे गेले, आणि बाळ बोळकं पसरून हसलं. तिची बांगडी धरायला त्यानं हात पुढे केला. रोहितनं असं कधी केलं नव्हतं. एकदाही नाही.

"चांगला आहे," सुमन म्हणाली.

"खरं सांगता ना ताई?"

"खरं."

"शपथ घ्या."

"रोहितची शपथ. बाळ अगदी चांगलं आहे."

प्रतिभा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांत, ओठांवर, कपाळावर, काहीतरी शोधत राहिली, आणि तिला ते सापडेना. तिनं बाळ हिसकावल्यासारखं परत घेतलं. त्याच्या कानाशी टाळी वाजवली. बाळ दचकून वळलं. तिनं दुसऱ्या कानाशी वाजवली. ते पुन्हा वळलं. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा ते रडायला लागलं, तरी ती वाजवतच होती.

सुमन बाहेर आली. ओट्यावर मालूबाईंनी नकाशा परत विस्कटला होता. "वो सुमन, आता दोनशेवालं घ्यावं का?" त्यांनी विचारलं. सुमननं मान हलवली, ती हो अशी हलली की नाही अशी, ते तिचं तिलाच कळलं नाही. ती भूमिकापाशी वाकली आणि तिला नावानं हाक मारली. मुलीनं हात मांड्यांखाली घातले.

समोरच ऑटो उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, सवारी भरल्याशिवाय निघणार नाही. सुमन आत बसली. अजून पाच माणसं यायची होती. तिथून ओटा पूर्ण दिसत होता. ती पदर डोक्यावर घेऊन, मान तिकडे न वळवता, ती पाच माणसं येईपर्यंत बसून राहिली.